माझ्या गाडीची हरेली

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर दुसऱ्यांच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. पिंपळाखालची बाई, रिकाम्या खोलीतले पावलांचे आवाज... हे सगळं पित्त वाढल्याचं लक्षण, असं माझं मत होतं आणि बरंचसं आजही आहे. पण माझी मोटरसायकल वर्षातून एक दिवस चालत नाही. का चालत नाही, ते कोणीही सांगू शकलेलं नाही. मला भीती वगैरे वाटलेली नाही — डोकं मात्र पार फिरलंय.

आम्ही रायपूरचे मराठी, तात्यापाऱ्यात पणजोबांपासून. मी नवा रायपूरच्या एका खासगी ट्रेनिंग सेंटरमध्ये कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, कॉन्ट्रॅक्टवर. तिकडे रस्ते एवढे रुंद की विमान उतरवावं, पण बस विचाराल तर... असो. गाडीशिवाय पर्याय नव्हता आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून टिकरापाऱ्यातल्या एकाकडून शंभर सीसीची ही जुनी गाडी घेतली. सर्व्हिसिंग कधी, कुठे केलंय, असं विचारलं तर तो म्हणाला, "बढ़िया चलती है भैया." एवढाच तिचा इतिहास मला मिळाला.

मीटर पूर्ण फिरून परत शून्यावर आलेलं — एकदा की दोनदा, देव जाणे. पहिल्यांदा इंजिन ऑइल काढलं तर डांबरच निघालं. मग क्लच प्लेट गेल्या, मग चेन, मग कार्बोरेटर. वायरिंगला इतके जोड की आमचा मेकॅनिक रज्जू भैया म्हणाला, "इसमें चार लोगों ने दिमाग लगाया है, और चारों का खराब था." दर रविवारी मी पाना घेऊन तिच्यापुढे बसलेला. बायको म्हणायची, माझा हात कधी एवढा वेळ धरला नाहीस. तरी हे सगळं समजण्यासारखं होतं. भाग झिजला, बदलला, पुढे चला.

मग गेल्या वर्षी पावसाळ्यात एका सकाळी ती मेली. पेट्रोल होतं, प्लगला स्पार्क होता, तरी किक मारून पायाला गोळे आले. रज्जू भैया म्हणाला, "सीलन होगी." ओलावा! महिनाभर धो धो पाऊस, तेव्हा ओलावा नव्हता? दुसऱ्या दिवशी कशालाही हात न लावता ती पहिल्या किकला सुरू झाली. ऑफिसात उशिराबद्दल बोलणी खाल्ली आणि विसरून गेलो.

यंदा मात्र मला कायम करायची मुलाखत होती. जागा एकच, उमेदवार दोन — मी आणि निकिता. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. कायम झालो की दर मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढेल की नाही म्हणून झोप उडणार नाही, बाळ यायच्या आत घराला थोडा आधार होईल, एवढीच इच्छा. आदल्या दिवशी गाडीचं पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतलं. नवा प्लग टाकला. संध्याकाळी चौबे कॉलनीपर्यंत चक्कर मारून आलो, लोण्यासारखी चालली.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून किक मारली. मेलेली!

आई ओट्यावर पितळी दिवे घासत बसली होती. तेव्हा लक्षात आलं, आज दिव्याची आवस. मागच्या वर्षी गाडी मेली त्या सकाळीही ती असेच दिवे घासत होती.

"काहून रे, चालू नाही होऊन राहिली?" आई म्हणाली.

"तुले दिसून नाही राहिलं का?" मी खेकसलो.

रज्जू भैया धावत आला. त्याने स्वतःच्या गाडीची कॉइल काढून लावली, कार्बोरेटर पुन्हा उघडला. दोघांनी मिळून गल्लीभर धक्का मारला. चाक फिरायचं, पण इंजिन साधं फुरफुरायचंही नाही. "सब ठीक है भैया," तो घाम पुसत म्हणाला, "बस चल नहीं रही."

तेवढ्यात शेजारच्या देवकी दीदी गुळाचे चीले, म्हणजे आपली धिरडी, घेऊन आल्या. त्यांच्या दारावर कडुनिंबाची डहाळी खोचलेली. आमची दिव्याची आवस, तीच त्यांची हरेली — छत्तीसगढी लोक त्या दिवशी नांगर, कुदळ, सगळी औजारं धुऊन पुजतात. आईच्या डोक्यात लगेच आलं. "मले वाटते, तिले पूजा पाहिजे. दसऱ्याले करतो ना आपण."

मी नको नको म्हणत होतो, पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि माणूस लाचार झाला की काहीही करतो. गाडी धुतली. आईने हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, चीला आणि कणकेचा दिवा दाखवला. मी इस्त्रीच्या शर्टात हात जोडून उभा, अख्खी गल्ली बघतेय. "आता मार एक चक्कर," आई म्हणाली.

देवकी दीदी खो खो हसायला लागल्या. "अई! आज तो औजार ला आराम देथन. पूजा करे के बाद नइ उठावन."

म्हणजे आम्ही दसऱ्यासारखी पूजा करून गाडी काढायला निघालो होतो, आणि इथे पूजेचा अर्थच तिला दिवसभर कामाला लावणार नाही, असा. तरी किक मारली. नाहीच.

ॲपवर गाडी दिसायची आणि कॅन्सल व्हायची. हरेलीमुळे सरकारी ऑफिसं बंद, परत रिकामं यावं लागेल म्हणून कोणी तिकडे यायला तयार नाही. शेवटी दोन ऑटो बदलून पोचलो तेव्हा मुलाखत घेणारे उठून गेले होते. जागा निकिताला मिळाली. ती वेळेवर आली होती, तिचं काय चुकलं?

अशा गोष्टींत पुढे कळतं की रस्त्यात ट्रक उलटला होता आणि गाडीने जीव वाचवला. मी चौकशी केली. काही झालं नव्हतं. रस्ता मोकळा होता, ऊनसुद्धा पडलं होतं.

रागारागात विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "हरेली को ना? मैं तो उस दिन दुकान ही बंद रखता था. मुझे भी किसी ने नहीं बताया था." त्याच्या आधीचा मालक कोण, कुठल्या गावचा, त्यालाही माहीत नाही.

दुसऱ्या सकाळी पहिल्या किकला सुरू. मी तिला लाथ घातली, मग कामावर गेलो.

कारण मला आजही ठाऊक नाही. कोणाला ठाऊक असेल तर लिहा, फक्त ओलावा म्हणू नका. आणि खरं सांगू? आता तिचा राग येत नाही, हेवा वाटतो. कोणीतरी कधीतरी तिला वर्षाची एक सुट्टी कबूल केली आणि ती कोणाचंही न ऐकता घेते. पुढच्या महिन्यात आमचं बाळ येईल. त्या दिवसाची सुट्टी मागून मी आठवडाभर थांबलोय, साहेब अजून काही बोलले नाहीत.