एब्लाच्या घरी चहा नाकारला

एब्लाच्या घरातून चहा न पिता कोणी बाहेर पडलं, असं मेलबर्नच्या आमच्या वेस्ट हायडलबर्गमध्ये कधी घडलं नव्हतं. वेलदोडा-दालचिनीचा वास जिन्यातच माणसाला गाठायचा. त्या गुरुवारी मात्र आम्ही पाच जणी तिच्या गालिच्यावर बसलो, कप आले, गरम सांबूस, म्हणजे आमचे समोसे, आले, आणि कुणीही हात पुढे केला नाही.

रीत आम्हा सोमाली लोकांचीच, जुनी. गाऱ्हाणं घेऊन गेलेली माणसं मागणं मान्य होईपर्यंत यजमानाच्या घरचं काही तोंडाला लावत नाहीत. पण ही रीत सरकारी कचेऱ्यांत चालवायची कल्पना एब्लाची. कोपऱ्यावर नुसतं उभं राहिलं म्हणून पोलिसांनी पोरांना हटकलं, शाळेनं कुणाला घरी बसवलं, की एब्ला शाल सावरून निघायची आणि मागून आम्ही. साहेब बिस्किटं पुढे करायचे, आम्ही नाही म्हणायचो. बिचाऱ्यांना वाटायचं, हलाल नसतील. पुढच्या खेपेला हलाल बिस्किटं हजर! "बिस्किटांचं राहू द्या हो," एब्ला म्हणायची, "मुलाचं काय ते सांगा." इंग्रजी मोडकंतोडकं, पण आवाज खणखणीत. माझा थोरला आज इलेक्ट्रिशियन आहे तो तिच्यामुळे. म्हणून तिच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेत नाही. पण तिलाच चार शब्द सुनवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं.

झालं होतं असं, की तिच्या स्वतःच्या गुलेदनं शाळेत दाराची काच फोडली. पंधरा वर्षांचा पोरगा, का फोडली ते सांगेना. शाळेनं घरी बसवलं, सोमवारी त्याच्या भवितव्याची बैठक ठेवली. आणि या बाईनं बैठकीला जायचं सोडून त्याचं हर्गेसाचं तिकीट काढलं, रविवारचं! वळण लावायला मुलाला मायदेशी मामाकडे धाडायचं, ही आमच्या लोकांची लाडकी चूक. गेलेली काही पोरं सुधारतात, काही शाळेचं वय उलटल्यावर परततात, काही परततच नाहीत. इतर आयांना "पोर म्हणजे काय पार्सल आहे?" असं खडसावणारी हीच.

"चहा घ्या," एब्ला म्हणाली.

"आधी तिकीट रद्द कर," मी म्हटलं.

"शम्सो, माझीच विद्या माझ्यावर चालवतेस?"

"मग कुणाची चालवू? दुसरी येते कुठे मला?"

ती भडकलीच. "लोक काय म्हणतात ठाऊक आहे? जगाच्या पोरांना सांभाळते आणि हिच्याच दिव्याखाली अंधार! त्या शाळेत कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं जा. ठेवणीतलं दुसरं आहे का?"

कोपऱ्यात अस्ली बसली होती. इतकी वर्षं आमच्याबरोबर यायची, पण तोंड म्हणून उघडायची नाही. ती हळूच म्हणाली, "एब्ला, माझ्या मुलाच्या वेळी तूच मला म्हणाली होतीस, लाज आईला वाटते, मग शिक्षा पोराला कशाला?"

चहावर साय धरली. आम्ही असरची, दुपार कलतानाची नमाज तिथंच पढलो आणि पुन्हा येऊन बसलो. शेवटी तिनं फोन उचलला, तिकिटं काढून देणाऱ्या चुलतभावाशी दोन वाक्यं बोलली आणि कप गोळा करत म्हणाली, "गरम करून आणते. या वेळी नाही प्यायलात तर डोक्यावर ओतीन, हडळींनो!" आम्ही दोन-दोन कप प्यायलो.

सोमवारी आम्ही सगळ्या तिच्याबरोबर गेलो. सवयीनं ती मुख्याध्यापिकेच्या अगदी समोरच्या, बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसली. गुलेद टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकटा. मुख्याध्यापिकेनं त्याला काचेबद्दल विचारलं.

"बोल, होयो," एब्ला म्हणाली. होयो म्हणजे आई. आमच्यात आई लेकरालाही लाडानं तेच म्हणते.

गुलेद टेबलाकडे बघत म्हणाला, "शाळेनं तुला किती वेळा बोलावलं. दर वेळी तू दुसऱ्या कुणाच्या तरी शाळेत असायचीस. म्हटलं, काच फुटल्यावर तरी येशील."

पोलीस अधिकाऱ्यासमोर नजर न झुकवणाऱ्या या बाईनं मान खाली घातली. त्यातल्या कितीतरी वेळा ती माझ्याच पोरासाठी गेलेली. पण तिनं एक सबब सांगितली नाही. उठली, खुर्ची उचलून टेबलाला वळसा घातला आणि ती गुलेदला खेटून ठेवली.

"समाजाच्या वतीनं तुम्हाला काही मांडायचं असेल तर..." मुख्याध्यापिका नेहमीसारखं म्हणाल्या.

"नाही, बाई," एब्ला त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "आज मी फक्त याची आई म्हणून आले आहे. यायला उशीर झाला, त्याची माफी आधी याच्याकडे मागते. काचेची मग तुमच्याकडे."