फादर, तेवढं शेवटचं वाक्य कापा!

फादरांची कुजबुज ही एक चीज होती. विंगेत उभं राहून ते बोलले की ज्या नटाचं वाक्य अडलंय त्यालाच ऐकू जायचं. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या नटीलाही पत्ता लागायचा नाही, मग पहिल्या रांगेतल्या परीक्षकांची काय कथा! आमच्या लालबागच्या हौशी नाट्यमंडळात नट डझनावारी होते. त्यातले अर्धे विसरभोळे आणि उरलेले अर्धे पाठच न करणारे. प्रॉम्प्टर मात्र एकच होता, आणि सगळं मंडळ त्याच्या घशावर उभं होतं.

त्यांना आम्ही फादर का म्हणायचो? कारण ते ख्रिश्चन होते आणि आम्ही अडाणी होतो. पहिल्याच तालमीला बापूने, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, त्यांना त्या नावाने हाक मारली. ते गोंधळून म्हणाले, "अहो, आमच्यात फादर नसतात, पाळक असतात. आणि मी तोही नाही. मी बसचा कंडक्टर. मला बायको आहे, दोन मुली आहेत."

"मग तर फादरच की!" बापू म्हणाला. झालं. मूळचे नगरकडचे, परळच्या दोन खोल्यांत राहणारे, नाताळात घरच्या करंज्या डब्यात भरून तालमीला आणणारे हे गृहस्थ त्या क्षणापासून आमचे फादर झाले. पुढे त्यांची स्वतःची बायकोसुद्धा फोनवर "फादर आहेत का तिकडे?" असं हसत विचारायची.

नोकरीची सवय त्यांच्या बोटांत उतरली होती. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. विंगेत घंटीची दोरी नाही, म्हणून ते बोटातली लग्नाची अंगठी लाकडी चौकटीवर वाजवायचे. एक टक्: घाई करतोयस, थांब. दोन टक्: पुढे अजून वाक्य आहे, चल. ही खूण आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरी बायकोने ओट्यावर डाव दोनदा आपटला तरी मी पुढचं वाक्य बोलायला लागायचो. तिला ते आवडायचं नाही.

आता त्यांच्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण त्यांचं पुढचं सगळं शहाणपण त्या चुकीतून निघालं. नाटकात अण्णा माझे बाप आणि मी त्यांचा नालायक मुलगा. शेवटी अण्णांनी मला "चालता हो" म्हणायचं आणि मी निघून जायचं. अण्णा जुन्या वळणाचे नट. त्या वाक्याआधी ते हा एवढा पॉज घ्यायचे. फादर नवे होते. त्यांना वाटलं, म्हातारा विसरला. त्यांनी कुजबुज केली, "चालता हो." अण्णा ढिम्म. फादरांनी जरा जोर लावला, "चालता हो!" ते अण्णांनी ऐकलं नाही, मी ऐकलं. आणि बापाने घराबाहेर काढायच्या आधीच मी चालता झालो! मागे अण्णा एकटे, हात वर केलेला, समोर मुलगा नाही. प्रेक्षागृह असं हसलं की आमचं सामाजिक नाटक त्या रात्रीपुरतं फार्स म्हणून गणलं गेलं.

अण्णांनी मेकअप उतरवता उतरवता फादरांचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. फादर मान खाली घालून ऐकत राहिले. जाताना मला म्हणाले, "ते विसरले नव्हते रे. मीच घाबरलो. गप्प आहे म्हणजे विसरला, असं नसतं." त्यानंतर त्यांनी कुणाचा पॉज मोडला नाही. नटाच्या पाठीकडे बघून त्यांना कळायचं, हा थांबलाय की अडलाय.

प्रयोगाआधी आमचा सगळा साग्रसंगीत कार्यक्रम असायचा. नारळ, उदबत्ती, गणपती बाप्पा मोरया. फादर आमच्याबरोबर हात जोडून उभे राहायचे, धुराने खोकायचे, प्रसादाचं खोबरं आवडीने खायचे. मग तिसऱ्या घंटेआधी आपल्या विंगेत जाऊन डोळे मिटायचे. एकदा मी आगाऊपणे कान लावला. वाटलं होतं, काहीतरी भारदस्त असेल. फादर म्हणत होते, "बापा, हा पोरगा दुसऱ्या अंकात गडबडतो, त्याला धीर दे. शैलाताईंचा घसा बसलाय, तो जरा बघ. प्रयोग चांगला होऊ दे. पण आमच्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. आमेन."

ही बातमी मी अर्थातच मंडळभर केली. गडबडणारा पोरगा मीच, हे तेवढं गाळलं. मग फादरांकडे रांग लागली. आपल्याला कुठलाही देव वर्ज्य नाही; काम झाल्याशी मतलब. आमच्या नायिका शैलाताई मुलाच्या दुबईच्या नोकरीसाठी आल्या. फादरांनी तिथेच, मेकअपच्या खुर्चीपाशी, मन लावून प्रार्थना केली आणि शेवटी त्यांचं ते वाक्य म्हटलं. शैलाताईंनी एक डोळा उघडला.

"अहो फादर, हे शेवटचं कशाला? आयती पळवाट काढून दिलीत की त्याला!"

"कुणाला?"

"देवाला! मला दुबई पाहिजे. त्याच्या मनात उद्या चिपळूण आलं तर?"

"तर चिपळूणला जाईल पोरगा. तिकडेही माणसं राहतात."

"ते काही नाही. तेवढं शेवटचं वाक्य कापा."

तेव्हापासून हा आमचा परवलीचा शब्दच झाला. फादर डोळे मिटायला लागले की कुणीतरी ओरडायचं, "फादर, शेवटचं वाक्य कापा!" आणि ते डोळे न उघडता हसायचे. स्पर्धेच्या अंतिम फेरीला तर बापूने दिग्दर्शकाच्या अधिकारात हुकूम सोडला की आज 'पहिला नंबर दे' एवढंच म्हणायचं. फादरांनी पहिला नंबर मागितला, अगदी पोटतिडकीने मागितला, आणि वर आपलं वाक्य जोडलं. आमचा नंबरच आला नाही. परतताना भारतमाता टॉकीजसमोर वडापाव खाताना बापू फुरंगटून म्हणाला, "बघा! तुमच्या त्या वाक्याने घात केला."

फादरांनी शांतपणे मिरची चावली. "बापू, मी इतकी वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. पण त्याला प्रॉम्प्टिंग करायला मी जात नाही. त्याचं पाठांतर पक्कं आहे. अडतो तो आपण."

माझ्या आईलाही हे फादर प्रकरण कळलं होतं. ती अस्सल मालवणी. म्हणाली, "तुझ्या त्या फादराक सांग, माझ्या ढोपरासाठी पण देवाकडे एक शब्द टाक म्हणान." मी निरोप दिला. दोन दिवसांनी फादरांनी विचारलं, "आईला हाडांच्या डॉक्टरकडे नेलंस?"

"तुम्ही प्रार्थना केली ना?"

"केली. म्हणून तर विचारतोय. तो कुणाच्या हाताने काम करील हे आपण कोण ठरवणार? ने उद्या." आणि मी तालमीला पाठांतर न करता येऊन "फादर, माझा विश्वास आहे" असं नाटकी ढंगात म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "नटवर्य, विश्वास त्याच्यावर ठेवा, माझ्यावर नको. आणि आधी पाठ करा."

एकदा मी खोडी काढायची म्हणून विचारलं, "पण त्याच्या मनात काय आहे हे तुम्हाला कळतं कसं? फोन येतो?"

त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. खोडीचा तिथेच मुडदा पडला. "भरल्या बसमध्ये मी तिकीट तिकीट ओरडत असायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा मागून कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही. मी गप्प झालो की यायची. बहुतेक वेळा आपणच ओरडत असतो रे."

"आणि गप्प राहूनही काही ऐकू आलं नाही तर?"

"तर पॉज आहे असं समजायचं. मी एकदा घाई केली होती, माहीत आहे ना?"

मग त्यांचा आवाज घोगरा झाला. आम्ही खडीसाखर दिली, ज्येष्ठमध दिला, शैलाताईंनी हळदीचं दूध पाजलं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं: घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचण्याची शक्यता आहे, आवाज वाचण्याची नाही. दुसऱ्या एखाद्याचं सांगितलं असतं तर मी या योगायोगावर दोन-चार वाक्यं टाकली असती. त्या दिवशी एकही सुचलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बापू, शैलाताई आणि मी भेटायला गेलो. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, उशाशी बसल्या होत्या. फादर म्हणाले, "या, शेवटचा आवाजी प्रयोग बघून घ्या," आणि डोळे मिटले.

"बापा, डॉक्टर काही म्हणोत, माझा आवाज राहू दे. मला फार आवडतो माझा आवाज. थोडी फुशारकीही आहे, ती तुला माहीत आहे. तरी राहू दे." ते थांबले. शैलाताई रडवेल्या होऊन हळूच म्हणाल्या, "फादर, आज तरी ते शेवटचं वाक्य कापा हो."

फादरांनी डोळे उघडले. "ताई, इतकी वर्षं तालीम केली ती कशाला? प्रयोग आज आहे. ऐन प्रयोगात वाक्य कापतात होय?"

मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पण वाक्य लगेच आलं नाही. ओठ हलले, बंद झाले. इतकी वर्षं मला वाटायचं की ते वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघतं, आपण पत्राखाली 'कळावे' लिहितो तसं. ते त्यांनाही जड जातं हे मला तेव्हा दिसलं. शेवटी ते म्हणाले, "पण माझ्या मनासारखं नको. तुझ्या मनासारखं होऊ दे." तो त्यांचा मी ऐकलेला शेवटचा संवाद.

आवाज गेला. तरी ते तालमीला यायचे. गळ्याला पांढरा रुमाल, विंगेत खुर्ची, आणि अंगठीची टकटक. शब्द सांगता येत नव्हते म्हणून झक मारत आम्ही पाठांतर करायला लागलो. बापू म्हणायचा, मंडळाच्या इतिहासातला हा एकमेव चमत्कार. शैलाताईंचा मुलगा दुबईला गेला नाही, पुण्यात चिकटला. त्या फादरांना म्हणाल्या, "चिपळूण तरी नाही ना!" फादरांचे खांदे हसण्याने नुसते गदगदत राहिले.

वर्षभराने दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी एका संध्याकाळी परळला गेलो, तेव्हा फादर लोखंडी पलंगावर पडून होते, अर्धे उरलेले. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "रोज या वेळेला ते प्रार्थना करायचे. आता मी म्हणते. आज माझ्याने होत नाही. तू म्हण."

"काकू, मी? मला तुमची पद्धत येत नाही."

"पद्धत कसली? बोल. त्याला कळतं."

मी रंगमंचावर राजे केलेत, खुनी केलेत, एकदा तर महिला कलाकार आली नाही म्हणून विहीणही केली. पण त्या दोन खोल्यांत माझी बोबडी वळली. हात जोडले. म्हटलं, "देवा... बापा... यांना बरं करा. तुम्हाला अशक्य नाही. आमच्यासाठी करा. काकूंसाठी करा. एवढं मागतो." आणि थांबलो.

पुढचं वाक्य मला येत होतं. मंडळातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण ते म्हटलं की फादरांवरची माझी पकड सुटणार, असं काहीतरी वाटत होतं. ते वाक्य कापावं, कुणाला काय कळतंय, असं मनात आलं. मी डोळे किलकिले केले. फादर माझ्याकडेच बघत होते. त्यांचं अंगठीचं बोट पलंगाच्या कडेवर उचललेलं होतं, दोन टक् करायला. पण त्यांनी ते खाली आणलं नाही. तसंच अधांतरी धरून ठेवलं. मी विसरलेलो नाही, थांबलोय, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्यांनी वाट पाहिली. घाई केली नाही.

"पण आमच्या मनासारखं नको," मी म्हणालो. माझा आवाज माझा वाटेना. "तुझ्या मनासारखं होऊ दे."

"आमेन," काकू म्हणाल्या. फादरांनी बोट खाली आणलं. टक्. एकच, बस थांबवायची. मी हसलो आणि लगेच रडलो. या दोन्ही गोष्टी मला एका दमात करता येतात असं बापू नेहमी म्हणायचा, पण तेव्हा मी काही करत नव्हतो.

त्या आठवड्यातच फादर गेले. शिवडीच्या दफनभूमीत आमचं सगळं मंडळ उभं होतं. पाळकांची प्रार्थना संपत आली तशा शैलाताई माझा हात दाबून पुटपुटल्या, "शेवटचं वाक्य म्हणतील ना रे हे? कापणार नाहीत ना?" नाही कापलं.

आमच्या विंगेत आता कुणी नसतं. खुर्ची तेवढी आहे. ती हलवायचं कुणाला सुचलेलं नाही. गेल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात मी सपशेल विसरलो. डोकं कोरं. सवयीने टकटकीची वाट बघत उभा राहिलो. काहीच आलं नाही. मग म्हटलं, ओरडू नकोस, गप्प राहा. आणि वाक्य आलं. कुठून ते मला विचारू नका.

टाळ्या पडल्या. बापू आत येऊन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "काय पॉज घेतलास रे! अण्णांची आठवण झाली."

मी मानाने मान डोलावली. तो पॉज नव्हता हे ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो असता तर हसून खुर्चीवरून पडला असता.