कचरू पेंटरची पाचवी शाई

कचरू पेंटरनं पुण्याहून बोर्ड छापायचं मशीन आणलंय आणि त्यावर छापलेली अक्षरं लाईट गेल्यावरही आपोआप पेटतात, अशी बातमी काष्टीच्या शनिवारच्या बाजारात सुटली, तेव्हा निम्मा बाजार बैलांचे दात बघायचे सोडून स्टँडकडे वळला. खरं एवढंच होतं, की मशीन पुण्यातच होतं, ज्याचं होतं त्याच्याकडेच होतं, आणि कचरूनं आणला होता तो शाईचा एक डबा. अक्षरं पेटण्याचं म्हणाल, तर तोवर फक्त गावाच्या जिभा पेटल्या होत्या.

कचरूची स्टँडसमोर पत्र्याची टपरी. गुऱ्हाळ, सलून, पिठाची गिरणी, समाजमंदिर, चौदा एप्रिलची कमान, गावात जे जे वाचता येत होतं ते त्याच्याच ब्रशानं लिहिलेलं. बोर्ड कोणाचाही असो, खालच्या कोपऱ्यात ‘कचरू आर्ट्स, काष्टी’ हे काळ्या ऑइलपेंटमध्ये यायचंच, आणि ते मालकाच्या नावापेक्षा जेमतेम बोटभर लहान असायचं. कोणी हरकत घेतली तर म्हणायचा, “बाप पोराचं नाव ठिवतो, तवा म्होरं आपलं लावतोच की.” हरकत घेणारा मुकाट चहा सांगायचा.

एवढ्या सुखात नव्याण्णव साल उजाडलं आणि पुण्याचा छापील बोर्ड दौंडपर्यंत येऊन पोचला. त्यातली द्राक्षं अशी, की माशीनं फसावं. बाजाराच्या तोंडाशी पशुखाद्याचं दुकान असलेला भीमाशेठ ती द्राक्षं बघून आला आणि थेट टपरीवर धडकला.

“पेंटर, तू काढलेली म्हैस बघून गिऱ्हाईक इचारतं, गाढव केवढ्याला दिलं. औंदा मी पुण्याचाच बोर्ड लावनार.”

भीमाशेठ जे लावेल ते गाव लावणार, हे कचरूला ठाऊक होतं. शेठनं मागं गॉगल लावला होता, तेव्हा गावात चार म्हातारे भिंतींवर आदळले होते. म्हणजे या दारावरून ब्रश उतरला, की काष्टीतूनच उतरला. त्या दिवशी तो घरी आला तो तोंड पाडूनच.

“आवं, गाड्यांचे नंबर टाकायला शिका आता,” यशोधरा म्हणाली. तिला नवऱ्याचं तोंड बोर्डासारखं वाचता यायचं.

“नंबर टाकनारा न्हाई मी. आर्टिस्ट हाय.”

“बरं. आर्टिस्टला भाकरी दोन का तीन?”

“तीन.”

“दोनच हायेत.”

दुसऱ्याच दिवशी कचरू पुण्याला. छपाईवाल्याच्या दुकानात त्यानं ते मशीन असं निरखलं, की सासऱ्यानं होणाऱ्या जावयाला निरखलं नसेल. मग खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना फासतात तो भडक गुलाबी रंग त्याच्यावर लावून आणला होता. म्हणाला, “हे छापून दावा.”

मशीन बराच वेळ कण्हलं आणि आजारी माणसाच्या हिरड्यांसारखं काहीतरी बाहेर आलं.

“काका, ही फ्लोरोसंट शाई. चार रंगांतून ती निघत नाही,” छपाईवाला म्हणाला.

“मंग पाचवी घाला.”

“मशीनला जागा चारचीच आहे.”

“फुडं येईल का पाचवी?”

“येईलही एखाद वेळेस. आज नाही.”

मशीनला जमत नाही असं काहीतरी जगात आहे, या आनंदात कचरूनं स्वतःच्या पैशानं दोन चहा घेतले. ही घटना काष्टीत कोणी खरी मानली नसती. येताना स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानातून त्या शाईचा डबा उचलला. बेत साधा होता. म्हैस मशीननं छापायची, नावाची जागा कोरी पांढरी सोडायची, आणि तिथं लग्नपत्रिका छापतो तशी जाळीच्या फ्रेममधून पाचवी शाई कचरूनं ओढायची. म्हणजे मशीन मजूर, कचरू मुकादम.

भीमाशेठनं एकच विचारलं. “चमकंल ना? मला चमकलं पायजे.”

“शेठ, आसं चमकंल की लोकं डोळं झाकत्याल.”

ट्रकच्या मागं लावतात ते रेडियम आणि ही शाई भीमाशेठच्या लेखी एकच. ही शाई दिवसाच्या उजेडातच भडकते, अंधारात नाही, हे सांगायची कचरूनंही घाई केली नाही. पेटणाऱ्या अक्षरांची बातमी उठली ती इथूनच.

शनिवारी बोर्ड चढला. म्हैस तर अशी, की धार काढायला बसावं, आणि तिच्या डोक्यावर ‘भीमाशेठ पशुखाद्य’ असं गुलाबी भडकलेलं, की शेळ्या विकायला बसलेली गोजरबाई म्हणाली, “शेठ, तुज्या नावाकडं बघून माजी शेळी रवंथ इसरली.” भीमाशेठ दिवसभर बोर्डाखाली असा उभा, जणू त्याचाच सत्कार आहे.

सांज झाली, नेमानं लाईट गेली. सगळा बाजार बोर्डासमोर श्वास रोखून उभा. म्हैस दिसेना, नाव दिसेना, भीमाशेठही दिसेना. अंधारातून गोजरबाईचा आवाज आला, “पेटलं का रं? का काडी दिऊ?”

“दिवसा तर चमकतंय ना,” भीमाशेठनं स्वतःची समजूत घातली. पण ऊन काही शेठच्या पदरी कामाला नव्हतं. गुलाबी नाव चैत्रात फिकटलं, वैशाखात धुतल्या लुगड्याच्या काठासारखं झालं आणि पुढं पार पांढरं पडलं. मशीनची म्हैस होती तशी काळीभोर. आणि तिच्या पायाशी, काळ्या ऑइलपेंटमध्ये, ‘कचरू आर्ट्स, काष्टी’.

आता परगावच्या माणसानं काय समजावं? श्रीगोंद्याकडचे दोघे सरकी पेंड मागायला थेट कचरूच्या टपरीवर गेले. कचरूनं त्यांना पेंड दिली नाही, पण त्यांच्या दूध डेअरीचा बोर्ड रंगवायचं काम मात्र घेतलं. त्या दिवशी यशोधरेनं न विचारता तिसरी भाकरी वाढली.

पुढच्या शनिवारी भीमाशेठ भर बाजारातून तणतणत टपरीवर आला. मागं गाव होतंच. अशा कामाला गावाला निरोप लागत नाही.

“पेंटर, माजं नाव दोन म्हैन्यात उडालं. तुजं बरं ऱ्हायलं?”

कचरूनं हातातलं डेअरीचं अक्षर पुरं केलं, ब्रश पँटला पुसला आणि म्हणाला, “शेठ, तुमी म्हनला, चमकलं पायजे. टिकलं पायजे आसं म्हनला न्हाई. मला टिकायचं हुतं, म्हनून मी माजं साध्या काळ्यात लिवलं.”