पुतळाबाईचा खारट रविवार

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला, त्या सुमाराला दापोडीत माणसं कमी आणि चुली जास्त होत्या, असं मी म्हटलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. म्हणा. पण रेल्वेच्या फाटकापासून एसटीच्या वर्कशॉपपर्यंत रविवारी सकाळी नुसतं नाक वर करून चाललं, तरी अर्धा मुलूख हिंडून व्हायचा. एका खोलीतून खानदेशी काळ्या मसाल्याचा असा ठसका यायचा की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा शिंकायचं. पलीकडे कोकणातली पोरं ओलं खोबरं वाटत बसलेली. सोलापूरकडच्यांची भाकरी पापडासारखी कडक, मोडली की कट्कन आवाज. आणि आमच्या चाकणकडची बाजरीची भाकरी जाड, टम्म फुगलेली, रश्शात कुस्करायची आणि हात मनगटापर्यंत बरबटून घ्यायचा.

यातलं चांगलं कुठलं, यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून झाली नसतील.

या सगळ्या वासांच्या मध्यावर बसली होती आमच्या चाकणजवळच्या निघोजे गावची पुतळाबाई. नवरा कारखान्याच्या बांधकामावर गवंडी होता, तो तापाने गेला. त्याच्या जोडीदारांना ती आधीपासून भाकरी करून घालायची, तीच पुढे खानावळ झाली. सारवलेली जमीन, ओळीने पाट, आणि वाढायला स्वतः बाई. वाढता वाढता शिव्याही तीच वाढायची. "पानात टाकलंस तर उद्या येऊ नगंस!" मी तिचं महिन्याचं गिऱ्हाईक. पोटापेक्षा मी तिथे बातम्यांसाठी जायचो, हे आपलं तुमच्यात नि माझ्यात.

मग समोरच्या बाजूला कोल्हापूरचा चिमाजी आला. तालमीतला गडी, मानेचा पत्ता नाही. त्याने बाकडी मांडली, टेबलं मांडली, भिंतीवर आरसा आणि पैलवानांच्या तसबिरी. बसलात की आधी वाटीभर पांढरा रस्सा, मग तांबडा, मग मटणाचं ताट. हातात रुमाल घेऊन चिमाजी स्वतः विचारणार, "पाव्हणं, आणि काय पायजे?" दिवसभर साहेबाचं ऐकून आलेल्या माणसाला तिथे घटकाभर साहेब झाल्यासारखं वाटायचं.

पुतळाबाईचे पाट रिकामे पडू लागले. वर चिमाजी रस्त्यात उभा राहून ओरडायचा, "पुतळाबाईच्या रश्शात बघून भांग पाडता येतो, राव!"

रस्सा पातळ होता, खोटं कशाला बोला. आमच्याकडे तो तसाच असतो. भाकरीने प्यायला नको?

शेवटी बार्शीच्या ज्योतीराम फिटरने तोडगा काढला. ज्योतीरामची जीभ म्हणजे दापोडीचं कोर्ट. मशीन बिघडलं तर चुकेल, पण लसूण कमी पडला तर अचूक धरेल. तो म्हणाला, "एक रविवार चिमाजीकडं, एक रविवार पुतळाबाईकडं. मग सगळ्यांनी मिळून एकच खानावळ धरायची. रोज रोज वाद नको."

चिमाजीचा रविवार झकास झाला. पांढरा रस्सा पिऊन लोक डोळे मिटून बसले. सुक्या मटणाला तर ज्योतीराम काही बोललाच नाही, आणि तो बोलला नाही म्हणजे समजून जा.

ही बातमी निघोज्याला कोणी पोचवली ते विचारू नका. पुतळाबाईच्या रविवारी सकाळीच तिचा दीर कोंडीराम बैलगाडी घेऊन दारात हजर! घरची बाई परक्या गड्यांना वाढते, हे त्याला पहिल्यापासून खुपत होतं.

"वयनी," तो म्हणाला, "गिऱ्हाईक फिरलं म्हनत्यात. आज फिरलं तर भांडी गाडीत घालू. घरला चला. तुमची जाऊ हाय, चूल हाय."

"जावंचीच चूल ना ती," पुतळाबाई एवढंच म्हणाली. निघोज्याला परत जाणं म्हणजे उरलेला जन्म दुसरीच्या चुलीपुढे फुंकणी धरून, मीठ किती घालू असं विचारत काढणं. ते तिला मरणाहून वाईट वाटायचं. पण दीर तो दीर. त्याच्यासाठी तिने जपून ठेवलेलं गव्हाचं पीठ काढलं आणि चपात्यांची कणीक मळली. त्या काळात चपाती पाव्हण्यालाच. आम्ही बाजरीचे धनी.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. रविवारच्या मटणाचा पहिला वाटा रुळाकडच्या म्हसोबाला जायचा, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय थेंब चाखायचा नाही, हा पुतळाबाईचा नेम. मीठ हाताच्या अंदाजाने. हात कधी चुकला नव्हता. त्या दिवशी मदतीला शेजारची सरुबाई होती. सरुबाईची पाठ वळलेली असताना पुतळाबाईने मीठ टाकलं आणि ती दिराला पाणी द्यायला बाहेर गेली. सरुबाईच्या मनात आलं, बिचारीचं ध्यान ठिकाणावर नाही, मीठ राहिलं असणार. चाखून बघायची सोय नाही. तिने घातली आपली मूठ!

म्हसोबाचं ताट गेलं. पंगत हात धुऊन पाटावर बसली. पुतळाबाईने पळीभर रस्सा तळहातावर घेऊन जिभेला लावला आणि तिचा चेहरा असा झाला की मी दारातून थेट चुलीपाशी गेलो.

"सरे! मीठ घातलंस?"

"व्हय. तुमी इसरला हुता न्हवं?"

"मी बरी इसरंन! अगं, हे समुद्राचं पानी झालं!"

"बाई, पाणी वाढवा की," मी म्हणालो.

"अन् समोरच्या पैलवानाला भांग पाडून देऊ?" ती माझ्यावर कडाडली. "आज ह्यात पानी पडलं तर उद्या मी निघोज्यात."

बाहेरून ज्योतीरामचा आवाज, "बाई, यंदा जेवायचं का पुढच्या साली?"

पुतळाबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. परातीत दिराची कणीक, अळणी, मऊसूत. तिने तो गोळा उचलला, भराभर तुकडे तोडले, प्रत्येकाला अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीसारखा आकार दिला आणि टाकले उकळत्या रश्शात! सरुबाई तोडतेय, पुतळाबाई दाबतेय, मी जाळ घालतोय. पातेलं रटरटतंय, बाहेर पंगत पाटावर ताल धरतेय. माझी तर अशी धांदल, जसं काही लग्न माझंच लागायचं होतं.

कणकेने मीठ ओढलं. रस्साही जरा अंगाला आला, दाटसर. पुतळाबाईने पुन्हा चाखलं, डोळे मिटले आणि एकदम पदर खोचून म्हणाली, "वाढा!"

पहिला घास ज्योतीरामने घेतला. चावतोय, चावतोय. दारात चिमाजीही येऊन उभा, रुमाल खांद्यावर.

"बाई," ज्योतीराम म्हणाला, "ही तर आमची चकोली! पण आम्ही ती वरणात करतो. मटणात तुम्हाला कुणी शिकवली?"

"हॅट, तुमची कसली?" खानदेशी गडी उसळला. "आमची फळं हाय ती! माझी माय करते!"

"अहो, आमच्याकडं शेंगोळी म्हणतात," जुन्नरचा एक जण ताटावरून उठायलाच लागला. "कुळथाची असत्यात, एवढाच काय तो फरक."

बस्स! पेटलं. कोण आईची शपथ घालतोय, कोण आजीची. भांडत भांडत पातेलं तळाला आलं. चांगलं कुठलं हे ठरवायला जमलेली मंडळी, आमचं कुठलं यावर हातघाईला आली. शेवटी चिमाजीने दारातूनच हाक दिली, "आरं, भांडताय काय, मला दोन घास ठेवा की!" पुतळाबाईने त्याला पाट दिला आणि वाढता वाढता विचारलं, "पैलवान, भांग पडतोय का बघा." पठ्ठ्या मान खाली घालून खात राहिला.

निकाल कोणी लावलाच नाही. ज्योतीराम हात धुताना म्हणाला, "बाई, माझं नाव पुढल्या महिन्याला तुमच्याकडंच." मागोमाग बाकीचेही तेच म्हणाले. चिमाजीचं काही बिघडलं नाही. पगाराच्या दिवशी साहेब व्हायला आम्ही त्याच्याकडेही जात राहिलो.

राहिला कोंडीराम. त्याच्या चपात्या पातेल्यात गेलेल्या, त्याच्या ताटात आमच्यासारखीच बाजरीची भाकरी. सासरच्या मानापमानावर तो काही बोलेल म्हणून मी कान टवकारून जवळच बसलो होतो. पण तिसऱ्यांदा रस्सा मागितलेल्या माणसाला बोलायला तोंड कुठलं रिकामं? भांडी गाडीत घालायचा विषय त्याने काढलाच नाही. बैल जुंपले, रिकामी गाडी वळवली आणि जरा घुटमळला.

"वयनी, पुढल्या ऐतवारी येऊ का?"

"न्यायला का जेवायला?"

कोंडीरामने बैलाच्या पाठीवरची नसलेली माशी हाकलली. "जेवायला."

"मंग गाडी कशाला जुपता, भावजी? चालत या. भूक चांगली लागंल."