मार्थाबाईंचा बदाम

ईश्वरीचे ओठ जांभळे पडले होते, डोळे बाहेर आले होते, आणि मार्थाबाई तिला मांडीवर उपडी घालून पाठीत हाणत होत्या. मी उंबऱ्यावरून उठले आणि पहिला मार्थाबाईंचा अंबाडा धरला. माझी नात माझ्यादेखत मारली जातेय, एवढंच मला दिसत होतं. बाईंची मान वाकडी झाली, पण हात थांबला नाही.

"अंबाडा मागाहून ओढा, हौसाबाई," त्या म्हणाल्या. "आधी हिचं डोकं खाली धरा."

मी धरलं. त्या बोलण्यात विनवणी नव्हती. दोन्ही खांद्यांच्या मधोमध त्यांनी तळव्याच्या बुडानं आणखी हाणलं, आणि पोरीच्या तोंडातून एक बदाम निघून फरशीवर पडला. मग ती रडली. पोरांच्या जन्माच्या वेळचं पहिलं रडणं सोडलं, तर कुणाचं रडणं ऐकून मला एवढं बरं वाटलेलं नाही.

ही बाई कोण, ते सांगते. दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं आमची चाळ. माझा मुलगा संतोष रेल्वेत लागला आणि मी खुटबाव सोडून त्याच्याकडं राहायला आले, तेव्हापासून मार्थाबाई आमच्या भिंतीला लागून. माहेर शिरूरचं. नवरा रेल्वेत होता, तो वारलेला. मूलबाळ नाही. ख्रिश्चन, पण नेसणं, बोलणं, भाकरी थापणं सगळं आमच्यासारखं. त्यामुळं तर मला जास्तच संशय यायचा. वेगळं माणूस वेगळं दिसलं म्हणजे निदान कळतं तरी.

आल्या आल्या मी वाटीभर मटकीची उसळ घेऊन गेले. त्यांनी दारातच वाटी नाकाशी धरली.

"आजची हाय का कालची?"

"आजची."

"मग एक घास तुम्ही खावा आधी."

मी खाल्ला. रागानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती साखर घालून. ती साखर मी मोरीजवळ मुंग्यांना टाकली. मुंग्या जिवंत राहिल्या, तेव्हा कुठं मी त्या घरचा चहा घेतला.

किराणा दुकानदार त्यांना लांबून बघून कपाळाला हात लावायचा. रवा मुठीत घेऊन त्या बाहेर उन्हात यायच्या. अंडं कधी थेट पिठात फोडायच्या नाहीत, आधी वेगळ्या वाटीत फोडून वास घ्यायच्या. दूधवाल्याला त्याच्याच मापातलं दूध प्यायला लावायच्या. "विश्वास देवावर," त्या म्हणायच्या. "बाकी समद्यांवर नजर." बाकीच्यांत मी पण आले, हेही त्या मला तोंडावर सांगायच्या. एवढं एक मला आवडायचं.

डिसेंबर लागला की चाळीतली पोरं शाळा सुटल्यावर दप्तरं टाकून त्यांच्याकडं पळायची. मला तो प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. पदरी मूल नसलेली बाई दुसऱ्यांची पोरं गोळा करते, त्यांना खायला घालते, गाणी शिकवते. फुकट कोण कुणासाठी काय करतं? समोरच्या खोलीतली मंदा म्हणायची, "मावशी, पोरं बाटवायची ही रीत असती त्यांची. आधी खाऊ, मग गाणी, मग आपला देव नको म्हणत्यात पोरं." मंदाचं मी फारसं मनावर घेत नाही. हे मात्र घेतलं.

ईश्वरी तेव्हा दुसरीत होती. तिनं जेवण सोडून रडारड मांडली, तेव्हा मी म्हटलं, जा, पण मी बरोबर येणार. सून कंपनीत जायची, संतोष ड्युटीवर. पोर माझ्या अंगावर होती. मी मार्थाबाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

"आत बसा न्हाईतर बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यात बसून वारं अडवू नका."

"मला हितनंच दिसतंय."

"मग बघा. मी बी माझं पोर असं कुणाच्या घरात सोडलं नसतं."

तर मी बघत बसायचे. कामट्या बांधून, पतंगाचा कागद चिकटवून पोरं मोठी चांदणी करायची आणि ती दारावर टांगायची. आत बल्ब सोडायचा तो मार्थाबाईंनी स्वतः, वायर हाताखालून दोनदा फिरवून. मग पिठाच्या गोळ्या कंगव्याच्या दातांवर दाबून, गुंडाळून, कुलकुल करायची. शंखासारखी दिसतात ती, तळून साखरेत घोळवायची. कंगवा बघून मी उठलेच.

"कुणाच्या डोक्याचा हाय ह्यो?"

"नवा हाय. पाकीट दावू?"

पाकीट त्यांनी खरंच जपून ठेवलं होतं. आपल्याला कुणीतरी विचारणार, हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, कारण त्यांनीही विचारलंच असतं.

बुटाच्या खोक्याचा गोठा करायचा, सिमेंटच्या पिशवीचा कागद चुरगाळून डोंगर करायचे, मातीची मेंढरं मांडायची. एका पत्र्याच्या ताटात माती पसरून पोरांनी गहू पेरले, तेव्हा मी गप्प बसले नाही.

"हे आमचे घट. हे तुम्ही कुठनं उचललं?"

"मेंढरांना चारा नको?" मार्थाबाई म्हणाल्या. "का कागद खात्याल ती?"

चारा तर चारा. पण गहू एकावर एक पडला होता, असा कधी उगवत नाही. मला ते बघवेना. मी आत गेले, तो विरळ केला, वरून माती सारखी केली आणि परत उंबऱ्यावर येऊन बसले. मार्थाबाईंनी ताटाचा वास घेतला. मी त्यात काय मिसळलं का, ते बघायला.

गोठ्यातली गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. बाळ येशू मार्थाबाईंच्या कपाटात, कापसात गुंडाळलेला. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी पोरांना करंज्या द्यायच्या. त्यातल्या एकीत सारणाबरोबर अख्खा बदाम. ज्याला तो सापडेल, त्यानं बाळाला गव्हाणीत ठेवायचं, मग बाकीच्यांनी गाणं म्हणायचं. शिरूरला त्यांच्या आईच्या घरी असंच चालायचं म्हणे. त्या एका बदामासाठी पोरं महिनाभर झुरायची.

पहिल्या वर्षी तो ईश्वरीला आला नव्हता. दुसऱ्या वर्षी, ती तिसरीत असताना, तिनं मला सांगून ठेवलं, "आजी, तू देवाला सांग, मला बदाम येऊ दे."

"कुठल्या देवाला?"

"आपल्या. त्यांच्या देवाला त्यांची माणसं सांगत्याल."

मी काही सांगितलं नाही. असल्या कामाला देव अडवून ठेवू नये.

त्या दुपारी ताट आलं, पोरं गोल बसली. पोरं खायला बसली की मार्थाबाई स्वतः काही खायच्या नाहीत. एकेकाच्या तोंडाकडं टक लावून बसायच्या. "गिळा, मग बोला. गिळा, मग हसा." मला वाटायचं, घास मोजतात. माझी ईश्वरी एका गालानं खात होती, हे मला उंबऱ्यावरून दिसलं नाही. मार्थाबाईंना दिसलं. त्यांनी "ईश्वरी, गालात काय हाय?" असं विचारलं, तेवढ्यात शेजारच्या पोरानं आपल्या करंजीत नुसतं खोबरंच निघालं म्हणून तोंड वेडंवाकडं केलं. ईश्वरी हसली. हसू मधेच तुटलं. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

पोर रडायला लागल्यावर चाळ गोळा झाली. मंदा दारात मोबाइल वर धरून उभी. "बघा, काय खायला घातलं पोरीला. मी म्हणत हुते का न्हाई? ग्रुपवर टाकते, समद्यांना कळू दे." कुणीतरी संतोषला फोन केला होता. तो ड्युटीवरून तसाच पळत आला. पोरीला उचलून छातीशी धरली आणि मार्थाबाईंकडं बघून म्हणाला, "मावशी, हे समदं बंद करायचं. पुन्हा माझ्या पोरीला काय दिलं तर मी पोलिसात जाईन."

कुणीतरी बोललं, बरोबर हाय. कुणीतरी आपलं पोर दंडाला धरून ओढलं. मला दिसत होतं, आता या खोलीत एकही पोर पुन्हा येणार नाही. महिनाभर तर माझ्याही मनात तेच होतं.

मार्थाबाईंचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता. त्यांनी वाकून फरशीवरचा बदाम उचलला, पदरानं पुसला, आणि रवा धरायच्या तसा उजेडात धरला.

"ह्यो माझा न्हाई," त्या म्हणाल्या.

मंदा हसली. "मग काय आभाळातनं पडला?"

"माझा सोललेला असतो. गेल्या साली एकानं खिशातनं आणून मला फसवाया बघितलं. तवापासनं मी भिजवून, साल काढून घालते. कुणाला बोलले न्हाई. ह्याला साल हाय."

त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला मला काही कारण नव्हतं. अडचणीत सापडलेलं माणूस काहीही बोलतं. मी आत जाऊन ताट पुढं ओढलं आणि उरलेल्या करंज्या एकेक करून फोडायला घेतल्या. सगळे बघत होते. खोबरं, खसखस, बेदाणे. पुन्हा खोबरं. मंदानं मोबाइल खाली केला.

"खाली का केलास?" मी म्हटलं. "धर वर. हे बी काढ."

ताटाच्या कडेच्या करंजीतून बदाम निघाला. पांढराशुभ्र, दातासारखा. मी दोन्ही बदाम तळहातावर शेजारी ठेवले आणि ईश्वरीसमोर धरले. एक तपकिरी, एक पांढरा.

"ह्यो कुठला ग?"

ती बापाच्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "आपल्या डब्यातला."

रोज रात्री एक बदाम मी तिच्यासाठी भिजत घालायचे, बुद्धी यावी म्हणून. बुद्धी आली होती, हे मान्य करायला पाहिजे.

"बदाम आपल्या घरचा हाय," मी संतोषला म्हटलं. "पोलिसात जायाचं तर मला घेऊन जा. आन् मंदे, टाकायचं तर पहिल्यापासनं शेवटपर्यंत टाक. निम्मं टाकू नगंस."

तिनं काहीच टाकलं नाही. सगळी मजा त्या निम्म्यातच होती.

संतोषनं पोरीला खाली उतरवलं. मग मार्थाबाईंना म्हणाला, "मावशी, ते पाठीत मारायचं कुठं शिकला?"

"आमच्या मालकांना रेल्वेत शिकवलं हुतं. ते मला नुसतं तोंडानं सांगत हुते. मी म्हटलं, करून दावा, न्हाईतर मी मानत न्हाई. मग उशीवर करून दावलं." त्यांनी अंबाडा घालायला सुरुवात केली. "उशी फाटली हुती."

लोक पांगले. पोरं मात्र हलेनात. गव्हाण अजून रिकामी होती आणि त्यांचा जीव तिथं अडकला होता. ईश्वरीनं बारीक आवाजात विचारलं, "मी ठेवू बाळाला?"

"न्हाई," मार्थाबाई म्हणाल्या. "लबाडी केलीस. पुढल्या साली बघू."

मरता मरता वाचलेल्या पोरीला कुणी असं बोलतं का, असं मला वाटलं. पण मीही तेच बोलले असते.

मग त्यांनी कपाटातून कापसाची गुंडाळी काढली आणि माझ्यापुढं धरली. "बदाम कुणाच्या हातात आला? तुमच्या. ठेवा."

अखेर हिनं मला अडकवलंच, असं माझ्या मनात आलं. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. मी कापूस सोडला. बाळ प्लॅस्टरचं होतं, नाकाचा शेंडा उडालेला, अंगावर नुसतं एक फडकं. डिसेंबरची थंडी. मी ते गव्हाणीत ठेवलं आणि ताटातल्या उगवलेल्या गव्हाचा झुबका त्याच्या बाजूला वाऱ्याच्या अंगाला सरकवला. पोरं गाणं म्हणायला लागली. मार्थाबाई गात नव्हत्या. मी बाळ सरळ ठेवलं का, ते बघत होत्या. त्यांनी ते बोटानं जरासं डावीकडं केलं.

पुढच्या वर्षापासून बदाम बंद झाला. त्याऐवजी एका करंजीत त्या लाल तिखट घालायच्या. "आता करा म्हणावं लबाडी," त्या म्हणायच्या. "डोळ्यातनं पाणी आल्याबिगर मी मानणार न्हाई." मी तेव्हा आत बसायला लागले होते, कारण तिखट घालताना त्यांच्या हाताचा भरवसा नव्हता. ज्या वर्षी ते तिखट ईश्वरीच्या वाट्याला आलं, ती खोकत, रडत गेली आणि बाळाला ठेवून आली. त्या वर्षी मार्थाबाईंनी बाळ सरळ केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. दवाखान्यात त्या नर्सला प्रत्येक गोळीचं नाव मोठ्यानं वाचायला लावायच्या. मी भेटायला गेले की मला कापऱ्या हातानं खुणावायच्या, तुम्ही पण वाचा. मला इंग्रजी येत नाही. मी पाकीट उलटसुलट करून बघायचे आणि मान हलवायचे. तेवढ्यावर त्या गोळी घ्यायच्या. मी सोडून आणखी कुणाच्या मान हलवण्यावर त्यांनी काही गिळलं असेल, असं मला वाटत नाही.

त्या गेल्या, तेव्हा शिरूरहून त्यांचा भाचा आला. त्यानंच खोली रिकामी केली. कपाटातलं कापसातलं बाळ तो घेऊन गेला, ते बरोबरच होतं, त्यांच्या घरचं होतं ते. कंगवा माझ्याकडं आहे, पाकिटासकट.

ईश्वरी आता नववीत आहे. बदाम खात नाही. त्या दुपारी ती वाचली.