तेलवाला वसराम आणि सलोत्र्याची फटफटी

हिंगोलीच्या जिनिंगमध्ये जमिनीवर तेलाचा थेंब दिसला की वसराम तो पायानं पुसत नसे. उकिडवा बसे, खांद्यावरच्या फडक्यानं पुसे आणि मान वर करून तो थेंब कुठून आला ते शोधत राही. सापडल्याशिवाय उठत नसे. बाकीचे कामगार हसायचे. पण जिनमध्ये थेंबाला वजन होतं. चारी बाजूंना कापूस, हवेत कापूस, माणसांच्या भुवयांवर कापूस. तेल प्यालेल्या कापसाला ठिणगी लागली की काय होतं ते वसरामनं नवखा असताना पाहिलं होतं. जळून गेलेल्या वखारीच्या जागी पुढं कितीतरी दिवस काळी भिंत उभी होती. तेव्हापासून त्याच्या इंजिनाखालची फरशी देवघरासारखी कोरडी असे. नियम हळूहळू स्वभाव होतो, आणि स्वभाव झाला की तो कशासाठी होता हे माणूस विसरतो.

तो सेनगावच्या पुढं, गोरेगावच्या पलीकडल्या बंजारा तांड्यातला. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवला होता. मग रेल्वे आली, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तांडा नांगर धरून एका जागी बसला. वसराम मात्र बसला नाही. कापसाच्या गाडीबरोबर एकदा हिंगोलीला आला, जिनचं इंजिन पाहिलं आणि तिथंच राहिला. आधी तेलाचा डबा धरणारा, मग तेलवाला, मग लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. घरची शेती आई, धुरपताबाई, सांभाळायची. तिच्याकडे हरण्या आणि पवळ्या ही जोडी होती. पेरणीला वसराम सुटी काढून जाई आणि चार दिवस बैलांच्या मागं मुकाट चाले. इंजिनाबद्दल तांड्यात कुणी काही विचारत नसे, तोही सांगत नसे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास तांड्याचा नाईक धनसिंग जिनच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. पायी आलेला. पागोटं धुळीनं भरलेलं.

"बुळकांडी आली," तो म्हणाला. "माजा एक बैल काल गेला. तुज्या मायनं जोडी येगळी बांधली हाय, आंब्याखाली."

"सलोत्र्याकडं गेल्ता?"

"तिथूनच येऊन राहिलो. लस गाडीनं आली म्हनतो, बर्फात ठिवली हाय. पन त्याची फटफटी मेली."

बुळकांडीच्या गावाला बैलगाडी जुंपून जायला कुणी तयार नसतं. आपले बैल तिथं नेणं म्हणजे रोग दावणीला बांधून आणणं. टांगा सेनगावच्या पुढं जात नसे. बर्फ मात्र भुशात गुंडाळला तरी आपल्या गतीनं वितळत होता. वसरामनं इंजिनाचा पट्टा उतरवला, मुकादमाला नुसतं "घरी जनावरं मरून राहिली" एवढं सांगितलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

सलोत्री, म्हणजे गुरांचे सरकारी डॉक्टर, व्यंकटराव परभणीकडचे. गोल चेहऱ्याचे, खाकी अर्ध्या विजारीतले, दौऱ्याच्या जिवावर जगणारे गृहस्थ. त्यांची फटफटी इंग्रजी बनावटीची होती. लांबच्या दौऱ्यांसाठी म्हणून एका बदली झालेल्या अंमलदाराकडून त्यांनी ती विकत घेतली होती. ती दवाखान्याच्या पडवीत उभी होती आणि खाली तिच्या तेलाचं काळं तळं साचलं होतं.

"साब, तकलीफ काय हाय हिला?"

"चढावर दम सोडते. आणि तेल पिते. पिते तेवढं ओकते. तीन वर्षांत उजव्या बुटाला पॉलिश करायची वेळ आली नाही माझ्यावर."

वसराम हसला नाही. तो त्या तळ्याकडे पाहत होता.

त्यानं सिलिंडर उतरवला. व्हॉल्व्ह बाहेर काढले. एका व्हॉल्व्हची कड करपून खड्डे पडले होते. तो बैठकीवर नीट बसतच नव्हता, म्हणून दम निघून जात होता. कुरुंदाची बारीक पूड तेलात कालवून त्यानं ती कडेला लावली आणि व्हॉल्व्ह बैठकीवर ठेवून घासायला सुरुवात केली. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, उचलायचं, जागा बदलायची, पुन्हा. दुपार या आवाजात गेली. कडेला सारखी करडी रेघ उमटल्यावर त्यानं पूड स्वच्छ धुतली, व्हॉल्व्ह बसवला, वरून घासलेट ओतलं आणि खाली बोट धरून थांबला. बोट कोरडं राहिलं. मग व्हॉल्व्ह उचलणाऱ्या टॅपेटमधली फट पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून जुळवली. जाड कागदाची नवी पॅकिंग कापली, लाख लावून सांध्यांवर बसवली. व्यंकटराव खुर्चीवर बसून पाहत होते.

शेवटी इंजिनाच्या पोटाशी एक पितळी नळी राहिली. बोटाएवढी. तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

"तिला हात लावू नको," व्यंकटराव म्हणाले. "सिकंदराबादच्या मिस्त्रीनं बजावलंय. तिथून थोडं गळायचंच."

"गळनं म्हंजी गळनंच, साब."

"असू दे. तिचा गुण आहे तो."

व्यंकटराव चहाला आत गेले. वसराम त्या थेंबासमोर बसून राहिला. थेंब पडला, दुसरा तयार झाला. उद्याची वाट लांबची, आणि ती त्याच्याच तांड्याची. वाटेत तेल संपलं तर? गुण कसला, कुणा आळशी मिस्त्रीचं काम ते. त्यानं बाभळीची एक मेख तासली, तिला सूत गुंडाळलं, लाखेत बुडवली आणि नळीत ठोकून दिली. थोडा वेळ वाट पाहिली. जमीन कोरडी राहिली. त्याला बरं वाटलं.

सकाळी निघाले. पुढं व्यंकटराव, मागं लशीची पेटी मांडीवर घेतलेला वसराम. धनसिंग रात्रीच पुढं चालत गेला होता. फटफटी अशी धावली की सेनगावच्या अलीकडे व्यंकटरावांनी मान वळवून ओरडून सांगितलं, "बूट बघ माझा! नवरदेवाचा बूट!"

सेनगाव मागं पडलं आणि धूर सुरू झाला. आधी निळसर, मग दाट. इंजिन जड झालं. वसरामच्या पोटरीवर काहीतरी गरम पडलं. त्यानं वाकून पाहिलं तर प्रत्येक सांध्यातून तेल पाझरत होतं, काल जिथून गळत नव्हतं तिथूनही. एका शेताच्या बांधाशी फटफटी थांबली.

त्यानं बसवलेली पॅकिंग सांध्यातून जिभेसारखी बाहेर आली होती. तो उकिडवा बसला. पुसलं, पाहिलं, पुन्हा पुसलं. या वेळी थेंब कुठून आला हा प्रश्न नव्हता, तो सगळीकडूनच आला होता. मग त्यानं तळहात सांध्याशी धरला आणि व्यंकटरावांना म्हणाला, "साब, किक हळू हळू मारा."

सिलिंडरमधला दट्ट्या खाली आला तसा तळहाताला वारा लागला. वर गेला, वारा थांबला. पुन्हा खाली, पुन्हा वारा.

जिनचं इंजिन पोटाशी उघडं होतं. त्याचा दांडा सगळ्यांदेखत फिरायचा, आत काही कोंडायचं कारणच नव्हतं. हिचं पोट बंद. दट्ट्या खाली आला की आतल्या हवेला कुठंतरी जायला हवं होतं, आणि जाताना ती थोडं तेल घेऊन जात होती. ज्याला तो गळती समजला ते फटफटीचं नाक होतं.

"साब," तो उठला नाही, "म्या मेख मारली व्हती. त्या नळीत."

 व्यंकटरावांनी पेटीचं झाकण उघडून भुशात हात घातला. "निम्मा राहिलाय बर्फ," ते म्हणाले. झाकण लावलं. "मिस्त्री, तुझ्या बैलाला सुई देताना मीही कुणाचं न ऐकता भलतीकडंच टोचू का?"

"टोचा साब. आधी मला टोचा."

"हात चालव."

पकडीनं ओढताच मेखेचं डोकं तुटून आलं. उरलेली आत घट्ट. व्यंकटरावांनी पेटीतून जनावरांची एक जाड सुई काढून दिली. काडी पेटवून लाख मऊ करायची आणि सुईनं लाकूड कोरायचं, असं काम चाललं. जे काम करताना त्याला इतकं बरं वाटलं होतं तेच आता कणाकणानं उपसायचं होतं. घामानं काडी विझे. ऊन चढत होतं. पेटी व्यंकटरावांनी आपल्या अंगाच्या सावलीत धरली होती. अखेर भुसा निघाला आणि नळी मोकळी झाली.

टाकीतलं तेल मात्र तळाला गेलं होतं. बांधापलीकडे एक म्हातारी ज्वारीची धाटं बांधत होती. शेत तिचंच, नाव मनकर्णा.

"मावशी, वंगनाचं तेल हाय का?" वसरामनं हाक दिली.

"एरंडीचं हाय, गाडीच्या आसाचं. काहून?"

"फटफटीला पाहिजे."

"फटफटी बी एरंडेल पिती व्हय?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोट तुंबलं का तिचं?"

व्यंकटरावांना हसू आवरेना. "तुंबलंच होतं, बाई. ह्यानंच तुंबवलं."

"कुठं चालला?"

वसरामनं तांड्याचं नाव सांगितलं. म्हातारीचं हसू गेलं. तिनं गोठ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन गाडगं आणलं, दूरच्या बांधावर ठेवलं आणि मागं सरली. "घ्या. गाडगं तिथंच फोडा. आन येताना ह्या वाटनं येऊ नका, बाबांनो."

एरंडेलावर फटफटी चालली. जाड पांढरा धूर आणि गोडसर करपट वास. पॅकिंगमधून तेल झिरपतच होतं, नळीतून ठिबकत होतं, वसरामचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्यानं फडकं काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो गळतीकडे बघत नव्हता. समोरची वाट बघत होता.

उन्हं कलताना तांडा आला. बायका दारात उभ्या होत्या. धनसिंगनं जनावरं ओळीनं धरून ठेवली होती. बर्फाचं पाणी झालं होतं, पण बाटल्या हाताला अजून गार लागत होत्या. व्यंकटरावांनी बाह्या सारल्या आणि ते एकेका मानेशी गेले. डोळे पाहायचे, तोंड उघडायचं, मग सुई.

आंब्याखाली धुरपताबाई जोडीजवळ उभी होती. हरण्याचे डोळे कोरडे होते. पवळ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून गालफडावर काळी वाट झाली होती आणि ओठांतून लाळ लोंबत होती. व्यंकटरावांनी त्याचं तोंड उघडलं, हिरड्या पाहिल्या आणि सुई खाली घेतली.

"ह्याला उपयोग नाही, बाई. ह्याला रोग आधीच लागलाय." हरण्याला त्यांनी सुई दिली.

"सकाळपस्तोर खात व्हता," धुरपताबाई म्हणाली. मग लेकाकडे वळली. "दुपारपस्तोर तुमी येता म्हनला व्हता नाईक. उशीर काहून झाला?"

"फटफटी बिघडली होती," व्यंकटराव म्हणाले.

"बिघडली न्हवती," वसराम आईला म्हणाला. "म्या तिचं नाक दाबलं व्हतं, याडी. तेल गळतं म्हनून."

धुरपताबाईनं त्याच्या भिजलेल्या धोतराकडे पाहिलं. "जित्या जनावराचं नाक दाबतेत का रं? बैलं राखनाऱ्याचं पोरगं तू." एवढंच. ती पवळ्याच्या तोंडाची लाळ पदरानं पुसू लागली.

व्यंकटराव हात धूत असताना वसराम त्यांच्याशी गेला. "साब, दुपारीच आलो असतो तर?"

"रोग लागलेल्याला लस वाचवत नाही. काल आलो असतो तरी हा गेलाच असता."

ते खरं होतं की भल्या माणसाची भलाई होती, हे वसरामला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढं वर्षानुवर्षं तो त्यांच्या फटफटीचे व्हॉल्व्ह घासत राहिला, पण पुन्हा विचारलं नाही.

पवळ्या तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर तांड्यात जनावर मेलं नाही. धनसिंगकडेही एकच बैल उरला होता. मृगात दोघांनी आपापला बैल एका जुवाखाली आणला. धनसिंगचा ठेंगणा, हरण्या उंच. जू एका अंगाला कललेलं राही आणि हरण्या दर वळणावर शेजारी पाहून थांबे. वसराम मागून चालत होता, घाई न करता, हरण्या निघेपर्यंत थांबत. त्या वर्षी त्यांच्या शेतातली तासं जरा वाकडी निघाली. पीक सरळच आलं.