परब सरांचा तोतया दरवाजा

दत्ताराम परब सरांची ओळख झाली ती पवईच्या ऑफिसात, मी नोकरीला लागले त्या सकाळी. लिफ्ट चालवणारे सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. ते तपासायला लिफ्ट कुठे आहे, असे मी विचारले. सर हसून त्यांच्या मालवणीत म्हणाले,

"लिफ्ट कित्याक व्हयी गो? आपलो तोतया आसा मां."

मग त्यांनी समजावून सांगितले. आपला प्रोग्राम दरवाजाला एवढेच विचारतो, बंद आहेस का? उत्तर खऱ्या दरवाजाने दिले काय, की त्याच्या जागी उभ्या केलेल्या चार ओळींच्या तोतयाने दिले काय, प्रोग्रामला फरक कळत नाही. खऱ्या यंत्राची भानगड मध्ये येत नाही. चूक निघाली तर ती आपलीच. सर स्वतःच्या हाताने तोतये लिहीत आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात मंगल तेवढेच लिहावे, अशी संपादकांची सूचना आहे. मला ते जमणार नाही, आणि सरांनाही रुचणार नाही.

कांजूरमार्गला, डंपिंग ग्राउंडजवळच्या एका पुनर्वसनाच्या टॉवरमध्ये आमची लिफ्ट दरवाजा उघडा असताना वर निघाली. तिथेच राहणारे बबन जाधव आत पाऊल टाकत होते. ते गेले. आमच्याकडे प्रत्येक चाचणी पास झालेली होती.

सर त्यांच्या घरी गेले, मी सोबत होते. लिफ्ट बंद केलेली, जिन्याने चढलो. बबनरावांच्या पत्नी मंदाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या ओशाळल्या.

"कालच घासलाय हो. इथली हवाच तशी, सगळं काळं पडतं."

नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि ती बाई तांब्यासाठी माफी मागत होती. सर तो तांब्या हातात धरून बसून राहिले. पुढे तपासात, दरवाजा बंद आहे की नाही हे प्रोग्रामला कळवणारा खटका उघडला, तेव्हा त्यातला धातूही तसाच काळा निघाला. असा खटका कधी उत्तर देतो, कधी देतच नाही. आणि उत्तर मिळाले नाही की आमचा प्रोग्राम मागचेच उत्तर धरून चालत होता: बंद. तोतया कधी गप्प बसलाच नव्हता, म्हणून ते कोणाला दिसले नाही.

ऑफिसात सगळे देखभालवाल्यावर ढकलायचे ठरत होते. सर उठून म्हणाले, "खटका काळा पडला ते त्याचं. गप्प दरवाजाला बंद समजलो ते आपलं. तोतया मी लिहिला होता." हेच त्यांनी मंदाताईंनाही जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "मग मी आता काय करू?"

सरांचे पद गेले, नोकरी राहिली. त्यानंतर एक शिस्त त्यांनी आम्हांला लावली. तोतया लिहायचा तर आधी खऱ्याला भेटून यायचे, आणि त्याच्या सगळ्या खोडी तोतयाला द्यायच्या. तो अडखळला पाहिजे, मुका झाला पाहिजे. एकदा माझ्या मुक्या तोतयापुढे प्रोग्रामची नवी आवृत्ती कोसळली, मी ती पाठवायची थांबवली आणि गिऱ्हाईकाला दिलेली तारीख चुकली. मॅनेजर सगळ्यांसमोर माझ्यावर तापले. कोपऱ्यातल्या टेबलावरून सर म्हणाले, "मी सांगितलं म्हणून तिने थांबवलंय." त्यांनी तसे काही सांगितले नव्हते. त्या दिवशी मला रडू आले.

त्या टॉवरची लिफ्ट केव्हाच दुरुस्त झाली. मंदाताई अजून जिन्यानेच जातात. सर त्यांना भेटायला जातात तेव्हा तेही जिनाच चढतात. मागच्या महिन्यात मी सोबत होते. मधल्या मजल्यावर सर कठडा धरून थांबले, तेव्हा मी म्हटले, "सर, लिफ्ट आता नीट आहे. आपणच तपासलीय ना."

"म्हायत आसा," सर धापा टाकत म्हणाले. "पण मंदाताई खंय चढली तिच्यात अजून?"

सरांना उदंड आयुष्य लाभो, असे या ग्रंथात सगळेच लिहितील. मी त्यांच्या गुडघ्यांसाठी मागते. मंदाताई लिफ्टचे बटण दाबतील त्या दिवसापर्यंत ते टिकोत. तो दिवस आलाच नाही, तरी टिकोत.